संधिवातात वजन तेवढंच पण मांड्या वाळल्या, पोट सुटलं? मग हे करा

रुमेटॉइड म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात असलेल्या आपल्या खानदेशातल्या कितीतरी बायांचं असंच होतं, काटा वर्षानुवर्षं तोच आकडा दाखवतो म्हणून घरचे निश्चिंत, आणि इकडे मांड्या-दंड वाळत जातात, पोट सुटतं, मग कधीतरी लक्षात येतं की माय हात टेकल्याशिवाय खालून उठतच नाहीये. स्नायू गेला आणि तेवढीच चरबी चढली तर काटा हलणार कसा? म्हणून नुसत्या काट्यावर जाऊ नका.

घरीच बघा. बिनहाताची खुर्ची भिंतीला लावा, हात छातीवर घ्या, पाच वेळा पूर्ण उठा-बसा आणि मोबाईलवर वेळ लावा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी पडतेय, आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये हाच आकडा ठरवलाय. गुडघा सुजलेला असेल त्या दिवशी मात्र हे करू नका. मग शिवणकामाच्या टेपने कंबर मोजा, बाईची 80 सेंमी आणि पुरुषाची 90 च्या वर गेली तर पोटावर चरबी जास्त आहे. दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहा, महिन्याने परत मोजा.

हे आळसाने होत नाही हो, घरच्यांनी हे नीट समजून घ्या. या आजाराची सूज फक्त सांध्यात नसते, टीएनएफ, आयएल-6 असली रसायनं रक्तात फिरतात आणि स्नायू झिजवतात, दुखतं म्हणून हालचाल कमी होते, त्यात स्टिरॉइडने भूक वाढते, पोटावर चरबी चढते आणि स्नायू अजून जातो. पोटाची चरबी परत स्वतः सूज वाढवते. म्हणून पहिलं काम म्हणजे आजार आटोक्यात आणणं, संधिवाताच्या डॉक्टरकडे फॉलोअप चुकवू नका. मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच, रोज घेतली तर जीवावर बेतते. आणि बिनलेबलच्या पुड्या कोणी कितीही गुण सांगितला तरी नको, त्यात बरेचदा लपवलेलं स्टिरॉइड निघतं. डॉक्टरने दिलेलं स्टिरॉइडही मनाने एकदम बंद करायचं नाही.

आता खाणं. वजन कमी करायचं म्हणून एक वेळचं जेवण सोडणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, चरबीसोबत स्नायूही जातो. श्रावणात उपास धरून साबुदाणा खाल्ला तर त्यात प्रोटीन जवळपास नसतंच. साधारण किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आपल्याकडे सोय चांगली आहे, नुसत्या ज्वारीपेक्षा कळण्याची भाकरी घ्या कारण त्यात उडीद असतो, वरण पातळ नको, दाट करा, दोन अंडी म्हणजे 12 ग्रॅम, 30 ग्रॅम कोरड्या सोया वड्या म्हणजे 15 च्या आसपास, दही, पनीर, मासे चालत असतील तर उत्तमच. एकाच जेवणात सगळं कोंबू नका, तिन्ही वेळेला थोडं थोडं. शेवभाजीची तर्री आणि बट्टीवरचं तूप कमी करा, भरीत खा पण तेल हात राखून. केळी भरपूर पिकतात आपल्याकडे, पण प्रोटीनच्या हिशोबात केळं धरू नका, जेमतेम एक-सव्वा ग्रॅम मिळतं.

नुसतं चालून स्नायू परत येत नाही, ताकदीचा व्यायाम लागतोच, आणि त्याने सांधे बिघडतील ही भीती मनातून काढा, नीट केला तर आजार वाढत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, एक दिवस आड. खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात लावून पुशअप, ओट्याला धरून टाचा उचलणं, प्रत्येक 8-10 वेळा, जमेल तसं वाढवा. बोटं दुखत असतील तर डंबेल धरू नका, रबरी पट्टा मनगटावर अडकवून ओढा. सकाळी सांधे आखडलेले असतात, गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर करा, आणि मे महिन्यात जळगाव-धुळ्याच्या उन्हात चालायला पहाटेच निघा. पहिल्यांदा एकदा फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या.

सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तर त्याच्यावर वजन नको, जागच्या जागी स्नायू 5 सेकंद आवळा आणि सोडा, बाकीच्या अंगाचा व्यायाम चालू ठेवा. आजार जुना असेल आणि मान दुखून हाताला मुंग्या येत असतील किंवा पाय लटपटत असतील तर मानेला झटका देऊ नका, मालिशवाल्याकडे तर अजिबात नको, व्यायाम थांबवून आधी डॉक्टरला दाखवा.