ट्रेलर जोडला की गाडी तापते, ॲव्हरेजही देत नाही: दोष कसा शोधावा

गाडी तापते म्हटलं की सल्ला मिळतो, रेडिएटर बदला. ॲव्हरेज देत नाही म्हटलं की, इंजेक्टर साफ करा. दोन तक्रारी, दोन बिलं. पण ट्रेलर मागे असताना दोन्ही तक्रारी एकदमच सुरू झाल्या असतील तर बहुतेक वेळा दुखणं एकच असतं. इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी ओढायला लागते, तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवायला फिरणाऱ्या द्रवाच्या, गळ्यात पडते. इंधन दुप्पट जळलं की रेडिएटरलाही जवळपास दुप्पट उष्णता बाहेर टाकावी लागते. म्हणून मी आधी इंजिन कशापायी एवढं राबतंय ते बघतो. रेडिएटरकडे त्यानंतर.

कूलंटची पातळी, ऑइल, गळती हे बघून झालंय असं धरून चालतो.

१. आधी आकडे घ्या

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध थोपवून धरलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०० वर, काटा जागचा हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र, जोडा आणि अंशांतलं खरं तापमान बघा. लांब चढावर ते १००-१०५ पर्यंत गेलं आणि माथ्यावर पोचल्यावर खाली आलं, तर गाडी तापत नाहीये, नुसती कष्ट करतेय. ११० ओलांडून चढतच राहिलं तर मात्र बाजूला घ्या.

ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजायचं. स्क्रीनवरचा आकडा करमणुकीसाठी असतो.

२. ट्रेलर सोडून तोच रस्ता, तोच वेग

ही पायरी लोक गाळतात आणि मग महिनाभर अंधारात चाचपडतात. एकटी गाडीही जास्त पीत असेल तर दोष गाडीत आहे: एअर फिल्टर, टर्बोचा चिरलेला होज, किंवा कूलंट सेन्सर. हा सेन्सर बिघडला की इंजिन अजून थंडच आहे असं कंप्युटरला वाटतं आणि तो इंधन सोडतच राहतो. एकटी गाडी मोकळ्या रस्त्यावर ७० अंशांच्या वर जातच नसेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघडाच अडकलाय.

एकटी गाडी ठणठणीत निघाली तर पुढे वाचा.

३. वेग आणि गिअर

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवा कापायलाच जवळजवळ दुप्पट ताकद लागते. मागे उंच, चौकोनी पेटीसारखा ट्रेलर असेल तर वजनापेक्षा हा वाराच महाग पडतो. एक फेरी ८० ने मारून बघा. दोन्ही तक्रारी गेल्या तर गाडीत दोष नाही, तुमच्या उजव्या पायात आहे.

ऑटोमॅटिक गाडी चढावर टॉप गिअरला रेटू नका. टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणारा भाग) लॉक सुटतं, ट्रान्समिशनचं ऑइल तापतं, आणि बऱ्याच गाड्यांत ते ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. म्हणजे ती उष्णताही तिथेच येते. गिअर खाली घ्या. आवाज वाढेल, पण वॉटर पंपही जोरात फिरेल.

४. ट्रेलरची चाकं

इथे मी स्वतः दोन महिने घालवलेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

माझी गाडी चढावर तापायची आणि ट्रेलर जोडला की ॲव्हरेज पार बसायचं. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट बदलला, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. प्रत्येक वेळी 'आता बघा' म्हणून गाडी हातात दिली. प्रत्येक वेळी पुढच्या चढावर तेच. ट्रेलरचे ब्रेक चिकटत असतील ही शंका मला आली नव्हती असं नाही. मी जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवून बघितली होती. मोकळी फिरली. विषय तिथेच मिटवला, आणि चूक तिथेच झाली.

मग एकदा चढ संपल्यावर थांबलो असताना पाऊस भुरभुरायला लागला. ट्रेलरची तीन चाकं बघता बघता ओली झाली. डावीकडच्या मागच्या चाकाचा ब्रेकचा ड्रम मात्र कोरडा. थेंब पडला की चर्र आवाज यायचा आणि बारीकशी वाफ उठायची. हात जवळ नेला तर वीतभर अंतरावरूनच धग लागत होती.

त्या चाकाची ब्रेक केबल आवरणाच्या आत गंजली होती. ब्रेक लागला की केबल ओढली जायची, पण सोडल्यावर ब्रेक शूची (ड्रमला आतून दाबणारा भाग) स्प्रिंग तिला परत खेचू शकत नव्हती. शू ड्रमला घासतच राहायचा. मी घरी तपासलं तेव्हा ट्रेलर दोन दिवस उभा होता. तेवढ्या वेळात केबल सावकाश मागे सरकली होती, आणि चाकाखाली ठोकळे लावलेले असल्यामुळे मी हँडब्रेक ओढलाच नव्हता. ब्रेक न लावताच ब्रेक तपासला होता!

एक चाक घासल्याने एवढं होतं का, असं विचारणारे भेटतात. हिशोब करा. चाकावर नुसती २० किलोची ओढ असेल तर ताशी ७० च्या वेगाला ती जवळजवळ ४ किलोवॅट खाते. म्हणजे मोठे दोन रूम हीटर त्या ड्रममध्ये अखंड चालू. ते भरून काढायला इंजिनाला त्याच्या तिप्पट इंधनऊर्जा जाळावी लागते आणि त्यातला मोठा वाटा पुन्हा कूलंटमध्ये येतो. सपाटीवर हे खपून जातं. चढावर गाडी आधीच काठावर असते, तिथे खपत नाही.

तेव्हा तपासणी अशी करा. अर्धा तास चालवा, मधे सात-आठ वेळा नेहमीसारखे ब्रेक मारा. शेवटी सपाट, मोकळ्या जागी शक्यतो ब्रेक न लावता गाडी आपोआप मंद होऊ द्या. लगेच उतरून इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक हबचं आणि ड्रमचं तापमान घ्या, गाडीच्या चार चाकांचंही. मी आकड्यापेक्षा फरक बघतो. एकाच ॲक्सलवरची दोन चाकं जवळपास सारखी हवीत. एक ४५ आणि दुसरं १२० असेल तर चोर सापडला. थर्मामीटर नसेल तर हाताचा मागचा भाग जवळ नेऊन अंदाज घ्या, टेकवू नका. मी टेकवला होता.

ड्रम गरम असेल तर ब्रेक, नुसता मधला हब गरम असेल तर बेअरिंग, हे साधारण गणित. बेअरिंग अति आवळलेलं असलं तरी असंच तापतं. डिस्क ब्रेक असतील तर कॅलिपरच्या स्लाइड पिना बघा. ग्रीस सुकलं की पॅड मागे सरत नाही. टायर सगळीकडून तापलेला असेल तर हवा कमी आहे.

आणि जॅकवर तपासायचंच असेल तर ट्रेलर स्टँडवर घेऊन हँडब्रेक चार-पाचदा पूर्ण ओढा, सोडा, आणि त्याच क्षणी चाक फिरवा. गंजलेल्या केबलला तेल पाजून वेळ मारून नेऊ नका. बदला.

५. आता कूलिंग

चाकं निर्दोष निघाली तरच इथे या. गाडी नेमकी कधी तापते ते बघा. हळू चढताना किंवा उभी असताना तापत असेल आणि वेगात तापमान उतरत असेल, तर दोष पंख्याचा. वेगात सपाटीवरही तापत असेल तर रेडिएटर बाहेरून किंवा आतून तुंबलाय, नाहीतर खालचा होज जास्त आरपीएमला चपटा होतोय. काटा वर आणि हीटरची हवा गार, म्हणजे कूलंट फिरत नाहीये.

पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्याला व्हिस्कस क्लच असतो, म्हणजे तापल्यावर पंख्याला घट्ट पकडणारा जोड. गरम इंजिन बंद करून, किल्ली काढून पंखा हाताने फिरवा. रेटा जाणवला पाहिजे. तीन-चार गिरक्या सहज घेतल्या तर क्लच गेला. इलेक्ट्रिक पंख्याला हे करू नका, तो किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होतो. तिथे एसी लावा आणि तो फिरतोय का ते बघा.

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट टॉर्च मारून बघा. पुढून चकाचक दिसणाऱ्या गाडीत तिथे किडे आणि धुळीचा गोधडीएवढा जाड थर सापडतो. धुवा इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाने. प्रेशर वॉशरने पातळ पत्रे आडवे पडतात.

रेडिएटरचं झाकण लोक विसरतात. १.१ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर कूलंटचा उत्कलनबिंदू २० अंशांहून जास्त वर जातो. रबर चिरलं की तेवढी सवलत गेली. स्वस्त वस्तू आहे, संशय आला की बदला. मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, घाई कितीही असो.

आणि थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. एरवी इंजिन पुरेसं तापणार नाही आणि ॲव्हरेज आणखी खाली येईल. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत जातं आणि चढावर गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते.

६. सगळं ठीक, तरी कूलंट कमी होतंय?

बाहेर थेंब नाही, पण कूलंट दर फेरीला खाली जातं, गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलंय. कूलंटमध्ये इंजिनातला जळका वायू येतोय का ते दाखवणाऱ्या ब्लॉक टेस्टचं निळं द्रव पिवळं पडलं की खात्री झाली. आतापर्यंत बदललेल्या कुठल्याच पार्टचा यावर उपयोग नाही. हेड उघडून ते तपासून बसेपर्यंत ट्रेलर जोडू नका, रिकामासुद्धा.