नवं कार्ड अल्बममध्ये घालण्याआधी

क्रिकेटपटूचं नवं कार्ड हाती आलं की ते त्याच दिवशी अल्बममध्ये घालायचं नाही. हा नियम मला स्वतःलाच बजावून सांगावा लागतो, कारण शुक्रवारी सकाळी चोर बाजारातून परतताना पिशवीतला माल कधी एकदा जागेवर बसवते असं होऊन जातं. पण मुंबईची हवा आणि जुना कागद यांचं पटत नाही. शिवाय कार्ड नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय त्याची जागा तरी कशी ठरवणार?

मी क्लब क्रिकेटची स्कोअरर. कांगा लीगचे बरेच पावसाळी रविवार तंबूत बसून वही भिजू न देण्यात गेले आहेत. गोळा करते ती क्रिकेटपटूंची कार्डं: सिगारेटच्या पाकिटातून येणारी इंग्लंडची जुनी, बिग फन बबलगमबरोबर मिळणारी, नव्वदच्या दशकातली ट्रम्प कार्डं, आणि भाच्याने शौक संपल्यावर "मावशी, ठेव तुझ्याकडे" म्हणून दिलेली आयपीएलची चकचकीत. महागड्या कार्डांचा हा संग्रह नाही. तुमचाही नसेल, तर पुढचं तुमच्या उपयोगाचं आहे.

माल कुठे मिळतो ते आधी सांगते. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर चादरी अंथरून भल्या पहाटेपासून बाजार भरतो. तिथे कार्डं म्हणून कार्डं फारशी दिसत नाहीत. ती जुन्या पर्समध्ये, बिस्किटाच्या डब्यात, फोटोंच्या गठ्ठ्यात दडलेली असतात. म्हणून "क्रिकेट कार्ड है क्या" असं विचारत फिरू नका, भाव तिथेच चढतो. डबा उघडून बघा, फोटो चाळा, आणि हवं ते कार्ड चार नको असलेल्या गोष्टींबरोबर उचला. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर आणि फाउंटनला जुनी क्रिकेट मासिकं चाळताना मध्येच एखादं कार्ड खूण म्हणून घातलेलं सापडतं. सगळ्यात भरवशाचा माणूस मात्र आपल्या गल्लीतला रद्दीवाला. शाळेच्या वह्या त्याच्याकडे वजनावर येतात, आणि एका पिढीने आपली कार्डं वहीतच चिकटवली होती.

चिकटवलेली कार्डं मिळाली तर सोडवायला जाऊ नका. पाण्यात भिजवली की कागदाचे पदर सुटतात आणि रंग उतरतो. ते पान अख्खं कापून घ्या आणि पान म्हणूनच ठेवा. कोण्या मुलाने अझरुद्दीनच्या शेजारी कुणाला बसवलंय, खाली काय लिहिलंय, हेही त्या वस्तूचा भाग आहे. फक्त एक लक्षात ठेवा, ही पानं बहुधा मैद्याच्या खळीने चिकटवलेली असतात आणि कसरीला (कागद खाणाऱ्या चंदेरी किड्याला) खळ फार आवडते. अशी पानं बाकीच्या कार्डांच्या डब्यात कधीच ठेवायची नाहीत.

घरी आल्यावर पहिलं काम वाळवणीचं. प्रत्येक खरेदी वेगळ्या झिप पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि पिशवीवर तारीख. निळे दाणे गुलाबी झाले (किंवा नारिंगी दाणे हिरवे, तुमच्याकडे जे असतील ते) की पुडी बदलायची. पिशवी दोन-तीन आठवडे तशीच राहू दे. तळाशी बारीक भुसा दिसला, कडा कुरतडल्यासारख्या वाटल्या किंवा चंदेरी काही सळसळलं, तर कसर आहे. मग हवा काढून पिशवी घट्ट बंद करायची, तिच्यावर आणखी एक पिशवी चढवायची आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर दिवसभर उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. आमच्या फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी या पिशव्या असतात, आणि त्यावरून घरात जे बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डांबरगोळ्या मात्र कार्डांजवळ नकोत. वास कागदात मुरतो आणि काही प्रकारचं प्लास्टिक मऊ पडतं.

साफसफाई कमीत कमी. रंगाचा मऊ कोरडा ब्रश घेऊन मधून कडांकडे धूळ झाडायची, बस्स. खोडरबर नको, ओला कापूस नको. बबलगमचा डाग असेल तर थंडीने तो कडक होतो. मग प्लास्टिकच्या पट्टीने हळूच सुटला तर सुटला. पिवळी पडलेली सेलोटेप ओढलीत तर तिच्याबरोबर फलंदाजाचं तोंडही येईल, तेव्हा तिला हात लावू नका.

आता माझ्या आवडीचा भाग. आपल्याकडच्या ट्रम्प कार्डांवर बहुतेक वेळा साल छापलेलं नसतं. पण मागे कसोट्या, धावा, शतकं, बळी असा सगळा हिशेब असतो, आणि हिशेबावरून साल काढता येतं. गावसकरचं कार्ड घ्या. ३४ शतकं आणि धावा दहा हजारांच्या आत असतील, तर ते आकडे डिसेंबर १९८६ ते मार्च १९८७ या तीनेक महिन्यांतलेच. चौतिसावं शतक कानपूरला श्रीलंकेविरुद्ध झालं आणि दहा हजारावी धाव मार्चमध्ये अहमदाबादला. १२५ कसोट्या, १०,१२२ धावा असतील तर कारकीर्द संपल्यानंतरचं. कपिलच्या बळींत ४३१ म्हणजे रिचर्ड हॅडलीच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी, ४३२ म्हणजे ८ फेब्रुवारी १९९४ नंतरचं, आणि ४३४ हा शेवटचा आकडा. सचिनच्या कार्डावर वन डे शतकांच्या रकान्यात शून्य दिसलं की दचकू नका, छपाईची चूक नाही ती. त्याचं पहिलं वन डे शतक सप्टेंबर १९९४ मध्ये कोलंबोला ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालं, तेही त्याच्या ७९ व्या सामन्यात. कसोटीत मात्र ऑगस्ट १९९० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डलाच खातं उघडलं होतं. म्हणजे कसोटी शतकं आहेत आणि वन डे शतक नाही, असं कार्ड या दोन तारखांच्या मधल्या आकड्यांवर बेतलेलं.

इथे एक मेख आहे. आकड्यांवरून कार्ड कधीच्या आधीचं नाही एवढंच खात्रीने सांगता येतं. ४३२ छापलंय म्हणजे ते फेब्रुवारी १९९४ च्या आधी छापलेलं असणं शक्य नाही. पण ४०० छापलंय म्हणून ते १९९४ नंतरचं नाही असं म्हणता येत नाही, कारण कार्डं छापणारे जुनेच आकडे पुढे चालवायचे. विनोद कांबळीच्या कार्डावर १७ कसोट्या, १०८४ धावा दिसतील. तो आकडा १९९५ नंतर हललाच नाही, तेव्हा तिथे वन डेचा रकाना बघायचा. तो २००० पर्यंत वाढत गेला.

म्हणून आकड्यांच्या जोडीला फोटोही बघायचा. भारताचा रंगीत गणवेश वर्ल्ड कपमध्ये पहिल्यांदा १९९२ ला आला, गडद निळा, खांद्यावर पट्टे. १९९६ ला फिकट निळा आला. १९८७ चा वर्ल्ड कप पांढऱ्या कपड्यांतच झाला. गडद निळ्या गणवेशातला फोटो आणि मागे १९९० चे आकडे असा प्रकार दिसला तर फोटोवर विश्वास ठेवा, आकड्यांवर नाही. एक जाता जाता: डायना एडुलजी आपल्या मुंबईची, भारताची माजी कर्णधार, पण त्या काळातल्या ट्रम्प कार्डांच्या गड्डीत ती माझ्या हाती कधी लागलेली नाही. कुणाकडे असेल तर बदल्यात काय हवं ते मागा.

इंग्लंडच्या सिगारेट कार्डांची गोष्ट वेगळी. विल्स कंपनीचा पहिला क्रिकेट संच १८९६ चा, ५० कार्डांचा. प्लेयर्स कंपनीचे १९३०, १९३४ आणि १९३८ चे संचही प्रत्येकी ५० कार्डांचे. बऱ्याच संचांत मागे क्रमांक असतो, त्यामुळे जागा ठरवायला डोकं लावावं लागत नाही. डोकं लावायचं ते अस्सल की नक्कल हे ठरवायला. विल्सच्या संचाच्या नव्या प्रती छापल्या गेल्या आहेत आणि चोर बाजारात त्याही चहाच्या पाण्याने जुन्या होऊन बसलेल्या असतात. घड्याळजीचं दहा पटीचं भिंग घ्या आणि गालाचा रंग बघा. जुन्या शिळाछपाईत रंगाचे ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे दिसतात. आजच्या छपाईत चार रंगांचे एकसारखे ठिपके रांगोळीसारखे गोल मांडलेले दिसतात. दुसरी परीक्षा दुकानदार नोटा तपासतात त्या जांभळ्या टॉर्चची, लोहार चाळीत सहज मिळतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमक साधारण १९५० च्या आसपास वापरात आली. अंधारात टॉर्च मारल्यावर कार्ड निळसर पांढरं लखलखलं, तर ते १९३४ चं नाही, मग विकणारा कुणाचीही शपथ घेवो. टॉर्च चालतोय ना हे आधी झेरॉक्सच्या कागदावर मारून बघा.

प्लेयर्सच्या बाबतीत मुंबईकरांनी आणखी एक जपायचं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या त्यांच्या बऱ्याच कार्डांना मागून गोंद लावलेला असतो, अल्बममध्ये चिकटवता यावं म्हणून. जुलैतल्या दमट हवेत तो गोंद ओला होतो आणि कार्ड शेजारच्याच्या तोंडाला चिकटतं. अशी कार्डं एकावर एक क्षणभरही ठेवू नका. घेतल्या घेतल्या प्रत्येकाला वेगळं पाकीट.

पाकिटांबद्दल. ऑनलाइन मिळणारी बहुतेक पाकिटं बेसबॉल कार्डांच्या मापाची असतात, अडीच बाय साडेतीन इंच. अमेरिकेत टॉप्स कंपनीने १९५७ ला हे माप धरलं आणि पुढे सगळ्यांनी तेच उचललं. आयपीएलची कार्डं त्यात चपखल बसतात. सिगारेट कार्ड जेमतेम दीड बाय पावणेतीन इंचाचं, ते त्यात घसरत राहतं आणि कोपरे झिजतात. त्यासाठी पोस्टाची तिकिटं गोळा करणाऱ्यांच्या दुकानातली छोटी पाकिटं बरी. आपली ट्रम्प कार्डं गड्डीगणिक वेगळ्या मापाची, तेव्हा पट्टी लावून मगच पाकिटं मागवा. अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्वस्तात मिळणारे व्हिजिटिंग कार्डाचे अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात. उघडून वास घ्या. नव्या रेनकोटसारखा आला तर परत ठेवा. ते प्लास्टिक काही वर्षांनी चिकट होतं आणि छपाई स्वतःकडे ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्यायचं.

अल्बम उभा ठेवा, पण भिंतीला टेकवून नको. प्रभादेवीच्या आमच्या घरात समुद्राकडची भिंत जूनपासून घामेजलेली असते. अल्बम आतल्या भिंतीच्या गोदरेजच्या कपाटात, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात असतो. पावसाळ्यात आलेली कार्डं पिशव्यांतच थांबतात आणि अल्बममध्ये बसवायचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारी होतं. पंखा बंद ठेवून.

वहीशिवाय मात्र काही खरं नाही. मी स्कोअरबुकच वापरते, रकाने आयते आखलेले असतात. अनुक्रमांक, तारीख, कुठून, किती रुपयांना, खेळाडू, संच आणि त्यातला क्रमांक, मागचे आकडे जसेच्या तसे, अवस्था, आणि अल्बमचं पान. अवस्था लिहिताना "चांगलं" असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. "वरचा उजवा कोपरा दुमडलेला, मागे पेनाने ७ लिहिलंय" असं लिहा. उद्या तेच कार्ड दुसऱ्यांदा मिळालं तर कुठलं ठेवायचं ते वहीवरूनच ठरतं. कार्डावर काहीही लिहायचं नाही, पेन्सिलीनेही नाही. अनुक्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती पाकिटात कार्डाच्या मागे ठेवायची. दोन्ही बाजूंचा फोटो खिडकीच्या उजेडात काढायचा, फ्लॅशने चकाकी येते.

जागा देताना मी संच आधी बघते, खेळाडू नंतर. सगळे गावसकर एका पानावर आणायचा मोह होतो, पण मग कुठल्या संचात काय कमी आहे तेच दिसत नाही. संचातल्या रिकाम्या खणात क्रमांकाची चिठ्ठी घालून ठेवा. बाजारात निघताना त्या चिठ्ठ्यांचा मोबाइलवर एक फोटो असला की एकच कार्ड दोनदा घेतलं जात नाही.

तरी दुबार येतंच, कारण गड्डी घ्यावी लागते. दोन्ही शेजारी ठेवून कोपरे, मध्य आणि मागची छपाई या क्रमाने तपासा आणि जास्त चांगलं ठेवा. अपवाद एकच: मागे कुणी मुलाने आपलं नाव आणि इयत्ता लिहिलेलं कार्ड मी फाटकं असलं तरी सोडत नाही. उरलेलं अदलाबदलीच्या डब्यात जातं. अदलाबदल करताना समोरच्याला दोष आधी दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी तोही दाखवतो. गेलेल्या कार्डासमोर वहीत तांबड्या शाईने तारीख आणि कुणाकडे गेलं ते लिहायचं, आणि तो अनुक्रमांक दुसऱ्या कुठल्याही कार्डाला द्यायचा नाही.