ईव्हीच्या स्टिकरवर विसंबून कारपूल लेनमध्ये शिरू नका

बे एरियात किंवा लॉस एंजेलिसकडे जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताय? 'हिला कारपूलचं स्टिकर आहे, एकट्यानं खुशाल जा,' असं विकणारा म्हणाला, तर त्या स्टिकरसाठी एक डॉलरही जास्त मोजू नका. कारपूल लेन एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखलेली असते; स्टिकर असलेल्या इलेक्ट्रिक गाडीला तिथे एकट्यानं जायची कॅलिफोर्नियाची सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. बंपरवरचं स्टिकर जांभळं असो की लाल, आता ती नुसती शोभा. एकटे सापडलात तर दंड किमान ४९० डॉलर.

मुळात परवानगी केंद्राच्या कायद्यातली होती आणि त्याचीच मुदत सरली. म्हणून जॉर्जियासारख्या राज्यात, जिथे स्टिकरऐवजी खास नंबरप्लेट लागायची, तिथेही ती प्लेट दाखवून एकट्याला आत जाता येत नाही.

आता माणसंच मोजायची. पाटीवर दोन लिहिलंय की तीन, ते आधी वाचा. कारसीटमधलं तान्हं बाळ माणूस म्हणून धरतात, मागच्या सीटवरचा कुत्रा नाही (कितीही लाडका असला तरी).

टोल असलेल्या एक्स्प्रेस लेनमध्ये फास्टट्रॅक फ्लेक्स टॅगचं (गाडीत किती माणसं आहेत ते सांगणाऱ्या टोलच्या टॅगचं) बटण दर फेरीला बघा. शनिवारी घरच्यांना घेऊन जाताना ते तीनवर सरकवलेलं असतं आणि सोमवारी ऑफिसला एकटे निघताना तसंच राहतं. शिवाय इलेक्ट्रिक गाड्यांसाठी जो वेगळा टॅग मिळायचा, त्यावरची टोलसवलतही गेली.