डिग्री सातव्या पायरीची, बॅस मात्र भरता येत नाही

"बीकॉम झालंय, आता मेलबर्नमध्ये बॅचलर ऑफ बिझनेस करतोय. मग ते अकाउंटिंगचं सर्टिफिकेट फोर कशाला? ते तर खालचं." नवं सत्र सुरू झालं की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. खालचं म्हणाल तर आहेच. इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या, शिक्षणाच्या उतरंडीत सर्टिफिकेट फोर चौथ्या पायरीवर, डिप्लोमा पाचव्या आणि बॅचलर सातव्या. पण पहिली नोकरी देणारा पायरी विचारत नाही. तो विचारतो, बॅस भरता येतं का? पेरोल, म्हणजे नोकरांच्या पगाराचा हिशेब, केलाय का?

बॅस म्हणजे बिझनेस ॲक्टिव्हिटी स्टेटमेंट. जीएसटी आणि नोकरांच्या पगारातून कापलेला कर यांचा हिशेब, बहुतेक छोटे धंदे दर तिमाहीला भरतात. इथलं वर्ष १ जुलै ते ३० जून. एप्रिल-मार्चची सवय मोडायला मला दोन वर्षं लागली.

माझी पहिली मुलाखत अजून आठवते. डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला होते. एका छोट्या बुककीपिंग ऑफिसच्या मालकीणबाईंनी बुटांचा खोका पुढे सरकवला, आत पावत्या. "तासाभरात झीरोमध्ये टाक." झीरो म्हणजे इथे चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर. पुण्यात तीन वर्षं टॅलीवर काढलेली, मनात म्हटलं हा तर डाव्या हाताचा मळ. १,१०० डॉलरच्या बिलावर दहा टक्के धरून जीएसटी ११० लिहिला. बिल करासकट होतं, त्यामुळे अकराने भागायचं होतं. बरोबर उत्तर १००. पुढच्या पावतीत साधा पाव आणि गरम भाजलेली कोंबडी एकत्र. पावावर जीएसटी नाही, गरम खाण्यावर आहे. मी दोन्हीवर लावला. पगाराच्या नोंदीला 'जीएसटी फ्री' हा कोड दिला, तिथे 'बॅस एक्सक्लुडेड' हवा होता. कर दोन्हीकडे शून्यच, पण पहिल्या कोडने पगार खरेदीच्या आकड्यात जाऊन बसतो. बाई काही बोलल्या नाहीत, चहा दिला. नोकरी दिली नाही.

कंपन्यांचे एकत्रित ताळेबंद मला तोंडपाठ होते. पावाची पावती कुणी शिकवली नव्हती. सर्टिफिकेट फोर इन अकाउंटिंग अँड बुककीपिंगमध्ये नेमकं तेच शिकवतात: बॅस, पेरोल, सुपर, म्हणजे मालकाने नोकराच्या निवृत्तीसाठी भरायची रक्कम (१ जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के), आणि संगणकावरची खातेवही. म्हणून माझं मत, डिग्रीचं पहिलं वर्ष उरकलं की हे जोडीला घ्या. आधी नको. डेबिट-क्रेडिट पक्कं नसताना दोन्हीकडचे सबमिशन अंगावर येतात.

मेलबर्नची एक सोय अशी की आरएमआयटी, स्विनबर्न आणि व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटी या तिघीही टेफचे, म्हणजे सर्टिफिकेट-डिप्लोमासारखे व्यावसायिक कोर्स, आणि डिग्री दोन्ही चालवतात. डिप्लोमा आधी केला असेल तर डिग्रीत काही विषयांची सूट मिळू शकते. किती, ते प्रवेशाआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासनाची किंमत काय असते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. भारतातला कामाचा अनुभव असेल तर 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग', म्हणजे आधीच्या शिकण्या-कामावर विषयांची सूट, मागून बघा, पण जीएसटी आणि पेरोलचे विषय त्यातून उडवू नका. नावं सारखी असली तरी नियम इथले आहेत, आणि तेच तर शिकायचेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्टुडंट व्हिसावर असाल तर सर्टिफिकेट *जोडीला* घ्यायचं, डिग्रीच्या *बदल्यात* नाही. फी परवडत नाही म्हणून बॅचलर सोडून डिप्लोमाला जाणारे मी पाहिलेत. व्हिसाची ८२०२ क्रमांकाची अट आहे: ज्या पायरीच्या कोर्सवर व्हिसा मिळाला, त्याच किंवा वरच्या पायरीवर राहायचं. खाली उतरायचं तर आधी नवा व्हिसा. प्रवेश जुळवून देणारे एजंट हे हळू आवाजात सांगतात. कामाची मर्यादाही धरून चाला, सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास.

डिग्री मग कशासाठी, तर पुढच्या दारासाठी. सीपीए किंवा सीए, म्हणजे सनदी हिशेबनीस, व्हायची मुख्य वाट आजही डिग्रीतूनच जाते. टॅक्स एजंट, म्हणजे पैसे घेऊन लोकांचे कर भरणारा, म्हणून नोंदणी करायची तर अकाउंटिंगची डिग्री असलेल्याला गेल्या पाच वर्षांतला एका वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याला दोन वर्षांचा. करकायदा आणि व्यापारी कायद्याचे मान्य कोर्स दोघांनाही लागतात. फक्त बॅसचं काम करणारा बॅस एजंट व्हायला मात्र सर्टिफिकेट फोर, जीएसटी-बॅसचा मान्य कोर्स आणि गेल्या चार वर्षांतले अनुभवाचे १,४०० तास पुरतात. मान्यताप्राप्त संघटनेचे सभासद असाल तर १,०००. हे तास पहिल्या दिवसापासून वहीत लिहा, साहेबांची सही घ्या. तीन वर्षांनी जुन्या ऑफिसात सही मागत फिरणं फार लाजिरवाणं असतं.

आणि हो, उबर चालवणारे मित्र "जरा माझं बॅस भरून दे, पन्नास डॉलर देतो" म्हणतील. राइडशेअरवाल्याला (उबरसारखी गाडी चालवणाऱ्याला) जीएसटी नोंदणीसाठीची ७५,००० डॉलर वार्षिक उलाढालीची मर्यादा लागू नाही, पहिल्या फेरीपासून जीएसटी नोंदणी लागते, त्यामुळे अशी गिऱ्हाइकं भरपूर. पैसे घेऊन बॅस भरायला टॅक्स प्रॅक्टिशनर्स बोर्डाची, म्हणजे टॅक्स आणि बॅस एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी मंडळाची, नोंदणी हवी. ती नसताना घेतलेले पन्नास डॉलर पुढे नोंदणीच्याच आड येतील. मित्राला शेजारी बसवून त्याचं त्याला भरायला शिकवा, जेवण त्याच्याकडून घ्या.

सीव्हीत 'लाख' लिहू नका, टॅली खाली सरकवा, झीरो आणि एमवायओबी ही इथली सॉफ्टवेअर वर घ्या. अर्ज मे महिन्यात टाका. जुलै लागला की छोट्या ऑफिसांना मान वर करायला फुरसत नसते, मग नव्या माणसाला शिकवणार कोण?