वजन गेलं कुठे? बंद बाटलीत पाहा

वस्तुमान टिकतं हे फळ्यावर लिहून मुलांना पटत नाही, काट्यावर पटतं. म्हणून हा प्रयोग मी आवर्जून करून घेते. थंड पेयाची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. काचेची मुळीच नको, आत दाब वाढतो.

बाटलीत 30 मिली व्हिनेगर घाला. 1 ग्रॅम खाण्याचा सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधा; कागद भिजेपर्यंत झाकण लावायला उसंत मिळते. बाटली, झाकण, पुडी एकत्र तोला. काटा 0.1 ग्रॅम दाखवणारा तरी हवाच. पुडी आत टाका, झाकण घट्ट पिळा. फसफस थांबली की पुन्हा तोला: आकडा तोच!

आता झाकण हळूहळू सैल करा. फुस्स आवाज येतो, आकडा उतरतो. 1 ग्रॅम सोड्यातून साधारण 0.52 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यातला काही बाहेर पडला.

झाकणाऐवजी फुगा लावू नका. फुगलेल्या फुग्याला हवा वर उचलते, काटा थोडं कमी वजन दाखवतो आणि मुलांना वाटतं, पदार्थ नाहीसा झाला. वस्तुमान टिकतं हे प्रयोगांनी दाखवणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनेही बंद भांड्यांवरच भर दिला होता.