विषय म्हणून शिकलेले इंग्रजी साधन म्हणून वापरताना

शाळेत इंग्रजी हा एक विषय असतो: धडे ठरलेले, प्रश्न बहुतेक परिचयाचे आणि अडलेला शब्द फळ्यावर लिहून समजावणारे शिक्षक समोर. विद्यापीठात त्याच भाषेतून अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्र समजून घ्यावे लागते आणि ती येते हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. त्यामुळे शाळेत उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थीही पहिल्या सत्रात गोंधळतो आणि व्याकरणाचे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून काढतो. हा मोह आवरावा, कारण अडचण बहुधा व्याकरणाची नसते.

सुरुवात शब्दांपासून करावी. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दसूचीत ५७० शब्दकुले, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून निघालेल्या रूपांचे गट आहेत. विद्यापीठीय लेखनातील सुमारे १० टक्के शब्द त्यांतलेच असतात. ही यादी घोकत बसू नये. आपल्या विषयाच्या एका प्रकरणात यांतले कोणते शब्द येतात ते हुडकावे आणि ते ज्या वाक्यात आले ते अख्खे वाक्य वहीत उतरवावे. ‘इस्टॅब्लिश’ म्हणजे स्थापन करणे एवढेच शाळेत कळलेले असते. शोधनिबंधात मात्र त्याचा अर्थ बहुतेकदा ‘पुराव्याने सिद्ध करणे’ असा होतो. ‘सजेस्ट’ तेथे सल्ला देत नाही, तर पुरावा एका दिशेला झुकत असला तरी निष्कर्ष अजून पक्का नाही असे सांगतो.

व्याख्यानाला जाण्यापूर्वी प्रकरणातील मथळे आणि आकृत्या पाहून ठेवाव्यात. टिपणांत संज्ञा इंग्रजीत आणि बाकीचे मातृभाषेत असले तरी बिघडत नाही.

जुनी सवय सर्वाधिक नडते ती लेखनात. पाठ केलेले उत्तर शाळेत गुण मिळवून देते, तर येथे दुसऱ्याची वाक्ये स्रोत न सांगता उतरवणे हे वाङ्मयचौर्य ठरते. म्हणून उतारा वाचल्यावर पुस्तक मिटावे, त्यातील मुद्दा स्वतःला मोठ्याने सांगावा, मग तो लिहून काढावा आणि शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून पाहून संदर्भ द्यावा. पहिली काही वाक्ये ओबडधोबड होतील, होऊ द्यावीत. मसुदा प्राध्यापकांना दाखवताना ‘हे बरोबर आहे का?’ असे न विचारता ‘तिसऱ्या परिच्छेदात माझा मुद्दा कोठे सुटतो?’ असे विचारावे, कारण पहिल्या प्रश्नावर फार तर मान डोलावली जाते.