गोव्यातला गिझर: टाकी गंजण्याआधी मॅग्नेशियमची कांडी तपासा

सोलापूरकडे गिझर उघडला की कॉइलवर क्षारांचं पांढरं कवच सापडतं. गोव्यात विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरमध्ये बहुतेकदा वेगळंच दिसतं: कॉइल बऱ्यापैकी स्वच्छ, तळाशी विटकरी गाळ, आणि टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठी आत बसवलेल्या मॅग्नेशियमच्या कांडीच्या जागी नुसती तार. जांभ्यातून झिरपून आलेलं पाणी मऊ असतं, पण बरेचदा आम्लधर्मी असतं आणि सोबत लोह घेऊन येतं. असं पाणी थर कमी बसवतं आणि धातू जास्त खातं. म्हणून इथे वर्षातून एकदा कांडी बघणं हे देखभालीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं तेच राहून जातं, कारण पाणी तापतंय तोवर गिझर उघडायचं कुणाच्या मनात येत नाही.

आधी आपलं पाणी ओळखा. ओपा, साळावली किंवा अस्नोड्याहून येणारं नळाचं पाणी प्रक्रिया होऊन येतं, त्याची फारशी चिंता नाही. विहिरीचं असेल तर पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा) तपासायच्या पट्ट्या आणा. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात त्या मिळतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ६.५ ते ८.५ आहे. पट्टी ६.५ च्या खाली दाखवत असेल तर कांडी वर्षाने नव्हे, सहा महिन्यांनी तपासा. नळाखाली बेसिनवर निळसर हिरवा डाग पडत असेल तर घरातलं तांबं किंवा पितळ विरघळतंय असं समजा. अशा घरात गिझरच्या आधी कॅल्साइटचा फिल्टर बसवला तर पाण्याचं आम्ल मरतं आणि पुढचा बराच खर्च वाचतो. खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या पाण्यातल्या मिठाने स्टेनलेस स्टीललासुद्धा बारीक भोकं पडतात, त्यामुळे तिथे आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्या आणि कांडी वेळेवर बदला.

कामाला योग्य वेळ म्हणजे दिवाळीपूर्वीचा आठवडा. पावसात गढूळ झालेल्या विहिरीचा गाळ तोवर टाकीत बसलेला असतो आणि अभ्यंगस्नानाच्या पहाटे गिझरने दगा दिलेला कुणालाच परवडत नाही. साहित्य फार नाही: मल्टीमीटर, स्क्रू-ड्रायव्हर, १० आणि १३ नंबरचा पाना, टेफ्लॉन टेप, बादली, आणि दुकानातून आणलेली नवी कांडी व नवं गॅस्केट (जोडातून पाणी गळू न देणारं रबर). ही दोन्ही आपल्याच मॉडेलची हवीत, म्हणून बॉडीवरच्या लेबलचा फोटो काढून न्या.

उघडताना

भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. कधी कधी बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज आत जिवंत राहतो. एमसीबी (स्विचबोर्डच्या पेटीतला गिझरचा मुख्य स्विच) खाली करा, प्लग असेल तर तो काढा, आणि तळाचं झाकण उघडल्यावर टर्मिनलवर मल्टीमीटर लावून फेज-न्यूट्रल व फेज-अर्थ दोन्ही शून्य असल्याची खात्री करा. इथपर्यंत हात थरथरत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

गरम नळ सोडून टाकी थंड होऊ द्या. मग अँगल कॉक (गिझरला थंड पाणी देणारी भिंतीवरची तोटी) बंद करा आणि गरम नळ उघडाच ठेवा, म्हणजे वरून हवा आत शिरेल. इनलेटवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते, त्यामुळे टाकी आपोआप रिकामी होत नाही. व्हॉल्व्हची दांडी उचलून धरा किंवा व्हॉल्व्हच काढा. १५ लिटरच्या टाकीला एक मोठी बादली लागते.

तारा सोडवण्याआधी त्यांचा फोटो काढा. मग कॉइलची दोन टोकं मोजा. २००० वॅटची कॉइल २३० व्होल्टला सुमारे २६ ओहम दाखवते, ३००० वॅटची १७-१८. आकडाच येत नसेल तर कॉइल तुटली. टोक आणि बॉडी यांच्यात काही ओहम दिसले तर कॉइलच्या नळीला चीर गेली आहे. पण मल्टीमीटरने सगळं कळत नाही. गिझर सुरू करून पाच-दहा मिनिटांनीच आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, थंड असताना पडत नसेल, तर बारीक चीर तापल्यावर उघडते आहे. ती मेगरनेच (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनेच) पकडता येते. मेगर नसेल तर कॉइल बदला, तर्क करत बसू नका.

फ्लँजचे (कॉइल धरून ठेवणाऱ्या तळाच्या धातूच्या चकतीचे) नट एकाच बाजूने पूर्ण सोडू नका, समोरासमोर थोडे थोडे सैल करा. शेवटचा नट काढताना खाली बादली हवीच, तळाशी लिटरभर गाळपाणी हमखास उरलेलं असतं. बहुतेक मॉडेलमध्ये कॉइल आणि कांडी एकाच फ्लँजवर असतात. बाहेर आलेली कांडी नीट पाहा. ती खडबडीत, खड्डे पडलेली, राखाडी असेल तर काम करतेय. टाकीऐवजी ती झिजतेय, त्यासाठीच ती आहे. जाडी निम्म्याहून कमी झाली किंवा मधली पोलादी तार कुठेही दिसू लागली की बदला. वर्षभरानंतरही जशीच्या तशी गुळगुळीत दिसली तर खूश होऊ नका: तिचा टाकीशी विजेचा संपर्क तुटलेला असू शकतो. आटे साफ करा, आणि त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप मात्र गुंडाळू नका.

टाकीत दोन-तीनदा पाणी सोडून गाळ धुऊन काढा. कॉइलवर थर असलाच (बोअरवेलच्या पाण्यावर असतो) तर कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून तापणारा भाग तासभर बुडवून ठेवा. टर्मिनल कोरडी राहिली पाहिजेत. बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते तांबं आणि स्टील दोन्ही खातं. सुरीने खरवडणंही नको.

परत बसवताना

जुनं गॅस्केट ठीक दिसलं तरी नवंच घाला. दाबून चपटं झालेलं रबर पुन्हा तसं बसत नाही आणि दोन महिन्यांनी पाझरतं. एम-सीलने ती गळती थांबत नाही. नट पुन्हा समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. टर्मिनलवर हिरवट किंवा काळा थर असेल तर तार कापून नवा लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची जोडणी) लावा. खाऱ्या हवेत सैल जोड लवकर तापतो, आणि सॉकेटचं काळं पडलेलं छिद्र हीच त्याची खूण. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो: १६ अँपिअरचं सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, याहून कमी नाही.

आता अँगल कॉक उघडा, गरम नळ उघडा ठेवा आणि हवेची फुरफुर थांबून सलग धार येईपर्यंत थांबा. त्यानंतरच वीज. रिकाम्या टाकीत कॉइल क्षणात लालबुंद होऊन जळते, आणि नवी कॉइल जळण्याचं नेहमीचं कारण हेच. थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. त्याखाली रोगजंतू तग धरतात, त्यावर कांडी आणि टाकी लवकर झिजतात. नळाशी मात्र थंड पाणी मिसळूनच घ्या, ६० अंशांनी काही सेकंदांत भाजतं, लहान मुलांना तर आणखी लवकर. २७ अंशांचं १५ लिटर पाणी ६० ला न्यायला २००० वॅटला साधारण १७-१८ मिनिटं लागतात. खूप जास्त लागत असतील तर व्होल्टेज मोजा. पहिल्या तापवणीनंतर फ्लँज पुन्हा कोरडा आहे ना ते पाहा.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात म्हणून लोक घाबरतात आणि बूच मारतात. हे कधीही करू नका. पाणी तापून फुगतं; १५ लिटरमागे जवळजवळ २०० मिलिलिटर पाण्याला बाहेर जायला वाट हवी. ती बंद केली आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट चिकटला तर टाकी फुटते. थंड असतानाही सतत गळत असेल तर आधी दांडी दोनदा उचलून कचरा वाहू द्या. तरी थांबलं नाही तर दाब तपासा. गच्चीवरच्या टाकीच्या दर १० मीटर उंचीला १ बार दाब येतो, पण प्रेशर पंप लावलेल्या बंगल्यात तो बराच वाढतो.

पाणी अजिबात तापत नसेल तर कटआउटचं (पाणी प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचचं) छोटं बटण दाबा, एकदाच. पुन्हा उडाला तर थर्मोस्टॅट चिकटलाय, तो बदला.

अर्थिंगकडे इथे खास लक्ष हवं. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थचा रोध वाढतो. मार्च ते मे अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला पाणी घाला आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय गिझर चालवू नका. भिंत चिऱ्याची असेल तर टांगणीही पाहा. भरलेला १५ लिटरचा गिझर २५ किलोच्या घरात जातो आणि सच्छिद्र चिऱ्यात साधा फास्टनर सैल होतो. लांब फास्टनर किंवा केमिकल अँकर वापरा.

चतुर्थीला उघडून पुन्हा कुलूप लागणाऱ्या घरांत जाताना एमसीबी बंद करून टाकी रिकामी करा. पाणी भरून ठेवलं असेल तर परत आल्यावर आधी गरम नळ सोडा आणि जवळ काडी पेटवू नका, कारण कांडीमुळे टाकीत हायड्रोजन साठलेला असू शकतो. कुजक्या अंड्याचा वास आला तर ६० अंशांपर्यंत तापवून दोन-तीनदा टाकी धुवा. तरी राहिला तर ॲल्युमिनियमची कांडी लावा.

बॉडीखालून पाणी दिसलं तर झाकण काढून टिश्यू पेपर फिरवा. फ्लँजच्या कडेला ओला झाला तर गॅस्केट. फ्लँज आणि इनलेट-आउटलेटचे जोड कोरडे आणि इन्सुलेशनच्या आतून तांबूस पाणी झिरपतंय, तर टाकी गेली. तिला वेल्डिंग करणारे भेटतील, पण त्या उष्णतेने आतला लेप तडकतो आणि शेजारी दुसरं भोक पडतं. नवा गिझर घ्या. समुद्राजवळ प्लास्टिकची बॉडी असलेला बरा, आणि बसवल्याच्या दिवशी बॉडीवर मार्करने तारीख लिहा, पुढची कांडी तपासायची तारीख तिच्याखाली.